गाडीत कोण कोण होतं

आबा,

यंदा ऊसतोडीच्या हंगामात माझ्या गाडीचा चेंदामेंदा झाला. कुणालाही लागलं नाही, हे आधी सांगते. तुम्ही असता तर पुढचं काही ऐकायच्या आधी तेच विचारलं असतं. आणि हे लिहिताना लक्षात येतंय की मला गाडी आहे, इतकंच काय, मला गाडी चालवता येते हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अंथुर्ण्याला नवीनच नांदायला आलेली, डोक्यावरचा पदर सावरत चालणारी सून होते. आता पन्नाशी ओलांडली. गाडी शिकले ती सेहेचाळिसाव्या वर्षी. शिकवणारा रोज डोक्याला हात लावायचा. तुम्ही साखर कारखान्याची जीप चालवताना क्लच दाबून नुसत्या बोटांनी गिअर टाकायचात, ते माझ्या डोळ्यांसमोर असायचं, पण पायांना काही केल्या यायचं नाही. शेवटी आलं.

लोणी देवकरला डाळिंबाच्या पॅकिंगचं एक शेड आहे. तिथं मी फळांची प्रतवारी बघते, बारा वर्षं झाली. आधी दोन ठिकाणी एसटी बदलून जायचे, आणि एक चुकली की अर्ध्या दिवसाची हजेरी जायची. मग एका वर्षी आमच्या दोडक्याला आणि कारल्याला चांगला भाव लागला, तेव्हा तुमच्या जावयांनी वापरलेली का होईना, एक छोटी पांढरी गाडी माझ्या नावावर घेतली आणि म्हणाले, "चालवायची तूच. मला आपला ट्रॅक्टर बरा." पहिल्या आठवड्यात मी एकटीच जात होते. दुसऱ्या आठवड्यात फाट्यावर आमच्या शेडमधल्या चौघी बसची वाट बघत उभ्या दिसल्या आणि मी गाडी थांबवली. त्या दिवसापासून त्या चौघी रोज माझ्याबरोबर. सगळ्यांत मोठ्या अक्का, साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेल्या, म्हणून त्या पुढे बसायच्या. मागे एका घरातल्या दोघी जावा, आणि त्यांच्यामध्ये तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी. दोघी जावा घरात एकमेकींशी बोलत नाहीत, पण गाडीत बोलतात. असं का, ते मी कधी विचारलं नाही.

सकाळी साडेसातची वेळ होती. कालव्याच्या पुलाचा चढ आहे, तिथं पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर चढताना अडकला. मी बऱ्यापैकी अंतर ठेवून मागे थांबले. माझ्या मागे दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरनं एकदा जोर लावला, काहीतरी मोडल्याचा खणकन आवाज आला, आणि मागची ट्रॉली सुटली. आबा, ती एकदम आली नाही. सावकाश आली. एखादं जनावर मागं सरकत यावं तशी. मी हॉर्न दाबला, मागे न्यायला गिअर टाकला, पण मागे टेम्पो. मग मी ओरडले, "उतरा! उतरा गं सगळ्या!" मागच्या तिघी दार उघडून शेतात पळाल्या. अक्का मात्र पायाशी वाकून भाकरीचं फडकं शोधत होत्या. मी माझ्या बाजूनं उतरले, गाडीला वळसा घालून धावले, त्यांचं दार उघडलं आणि दोन्ही काखांत हात घालून त्यांना अक्षरशः ओढून काढलं. आम्ही दोघी बांधावर पडलो तेवढ्यात ट्रॉलीचं एक चाक पुलाच्या कडेला घसरलं, ट्रॉली कलंडली, आणि सगळा ऊस, सगळं लोखंड माझ्या गाडीवर. धूळ खाली बसल्यावर गाडी दिसतच नव्हती. नुसती उसाची रास. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि रस्त्यात मटकन बसला. त्याला वाटलं, आत माणसं आहेत. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "अरे, सगळ्या बाहेर हायत, ह्या बघ." त्यानं आम्हाला एक, दोन, तीन, चार, पाच असं मोजलं आणि मग रडायला लागला. अक्का माझ्या शेजारी उसाच्या राशीकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "बया, माझी भाकरी आत ऱ्हायली." त्यावर आम्ही पाचही जणी जे हसायला लागलो ते थांबता थांबेना. टेम्पोवाल्याला वाटलं आम्हाला काही झालंय.

ऊस बाजूला काढल्यावर छप्पर सीटला टेकलेलं दिसलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, ही दुरुस्त होणार नाही. टोटल लॉस." म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीपेक्षा जास्त, तेव्हा विम्यात गाडीची जी किंमत धरलेली असते ती कंपनी देते आणि भंगार तिच्या ताब्यात जातं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण दहा दिवसांनी आणखी एक माणूस गावात आला. तो चौकशीचा माणूस होता. माझ्याकडे आला नाही, आधी फाट्यावर गेला, मग अक्कांच्या दारात. त्यानं गोड बोलून चहा घेतला आणि विचारलं, की बाईंच्या गाडीतनं रोज जाता, तर देता काय? अक्का ताठ झाल्या. "देतो की. फुकट बसायला आमी काय भिकारी हाय का?" त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पंधरवड्यानं मला कंपनीचं पत्र आलं. खासगी गाडी भाडं घेऊन प्रवासी नेण्यासाठी वापरत होता, असं दिसतं. तसं असेल तर विमा मिळत नाही. खुलासा करा.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तशीच अक्कांकडे गेले. रागातच गेले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "अक्का, काय सांगून बसलात? मी तुमच्याकडनं कधी रुपया तरी घेतला का?" अक्का शेंगा निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "रुपाया न्हाय घेतला. पर मी रोज तुला कायतरी देते. मेथी देते, ताक देते, शेवगा देते. ते काय कमी हाय व्हय?" मी म्हणाले, "त्यानं पैशाचं विचारलं होतं." त्या म्हणाल्या, "त्यानं पैशाचं न्हाय विचारलं, देता काय म्हणला. आन त्या परक्या माणसाम्होरं मी काय सांगू, फुकट बसते म्हणून?" त्यांचे डोळे भरले होते. माझा राग तिथंच ओसरला. चार वर्षं ती मेथीची जुडी डॅशबोर्डवर पडायची आणि मी "कशाला आणता" म्हणत ती घरी न्यायचे. ती जुडी त्यांच्या लेखी काय होती, ते मला त्या दिवशी कळलं.

ज्यांनी विमा काढून दिला ते एजंट चांगले आहेत, पण त्यांनी सोपी वाट दाखवली. "लिहून द्या की चौघी तुमच्या नात्यातल्या आहेत. एक चुलत सासू, दोघी जावा, एक भाची. खेड्यात कोण कुणाचं नातेवाईक नसतं? नाहीतर सरळ लिहा, गाडीत कुणीच नव्हतं, तुम्ही एकट्याच होता." तुमचे जावईसुद्धा म्हणाले, "लिही की. कुणाचं काय जातंय?" मी कागद पुढे घेऊन बसले. फॉर्मवर एक प्रश्नच आहे, की अपघाताच्या वेळी गाडीत कोण कोण होतं. मी पेन हातात धरून त्या चौघींना एकेक करून गाडीतनं उतरवून बघितलं. नाही जमलं. अक्कांना मी हातांनी ओढून काढलं होतं, आबा. त्यांचं वजन अजून माझ्या खांद्यांत होतं. त्या तिथं नव्हत्याच असं लिहायचं म्हणजे काय? आणि त्या तिथं नसत्या तर मला तरी इतकं आठवलं असतं का ते सगळं? मी चौघींची नावं लिहिली, कोण कुठली ते लिहिलं, आणि खाली लिहिलं की भाडं घेत नाही, समक्ष येऊन सांगते.

मी एकटीच जाणार होते. पण चौघींना कळलं आणि त्या दिवशी चौघींनी हजेरी बुडवली. आम्ही पाचही जणी बसनं बारामतीला गेलो. ऑफिसात थंडगार हवा, काचेची टेबलं, पलीकडे तिशीतली एक बाई, शांत, चष्मा लावलेली. तिनं खुर्च्या मागवल्या. मग मला विचारलं, "या तुम्हाला महिन्याला काय देतात?" मी तोंड उघडायच्या आत अक्का उठल्या. पिशवीतनं त्यांनी मेथीची जुडी काढली, शेवग्याच्या शेंगा काढल्या, ताकाची बाटली काढली आणि सगळं त्या काचेच्या टेबलावर मांडलं. "हे घ्या. हे आमचं भाडं. मोजून घ्या." शेजारच्या टेबलावरचा माणूस वाकून बघायला लागला. धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "मी कधीमधी अंडी देते." त्यावर थोरली जाऊ म्हणाली, "कधी दिलीस? ती तर माझ्या कोंबडीची असत्यात." त्या बाईनं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

मग मी म्हणाले, की मॅडम, अजून दोन गोष्टी आहेत त्या पण लिहून घ्या. एकदा वाटेत टायर फुटलं होतं आणि माझ्याजवळ पैसे नव्हते, तेव्हा यांनी आपसात गोळा करून दिले. ते मी परत केले, पण दोन दिवसांनी. आणि गेल्या दिवाळीला यांनी गाडीला सीटकव्हरं घेऊन दिली. निळी. त्यांचे पैसे मी दिले नाहीत. मागं बसलेली ती पोरगी माझा पदर ओढत होती, कशाला सांगता म्हणून. पण एकदा सांगायला बसलं की सगळं सांगून टाकलेलं बरं वाटतं. त्या बाईनं सगळं लिहून घेतलं, सीटकव्हरसुद्धा. लिहून झाल्यावर पेनला टोपण लावलं आणि म्हणाली, "आता फॉर्ममधलं नाही, माझं म्हणून विचारते. पेट्रोल एवढं महाग. रोज चौघींना फुकट का नेता?"

मी म्हणाले, "वाटेतच आहेत म्हणून."

तेवढंच म्हणाले. खरं उत्तर फार लांबलचक होतं आणि ते त्या ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं. माहेरी, कोऱ्हाळ्याच्या वाटेनं मी शाळेतनं परत येतेय. सातवीत असेन. उन्हाची वेळ, डांबर तापलेलं, पायांत काही नाही, बरोबर गावातल्या सात-आठ मुली. मागनं जीपचा आवाज येतो. तो आवाज मी शंभर आवाजांत ओळखायचे. शेतकी अधिकाऱ्यांना उसाच्या कुठल्यातरी फडावर सोडून तुम्ही रिकामी जीप घेऊन परत निघालेले असता. मी वळून बघते. तुम्ही समोर बघत असता. जीप निघून जाते, धूळ आमच्या अंगावर. रोज. एकदा एका मुलीनं विचारलं, "ते तुझं वडील ना गं?" आणि मी म्हणाले, "न्हाय. दुसरं कुणीतरी हाय." तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी रडून गोंधळ घातला. तुम्ही चुलीपुढं जेवायला बसला होता. आई काहीतरी समजावायला लागली तर तुम्ही तिला थांबवलं. मला म्हणालात, "गाडी कारखान्याची हाय. आन समज, घेतली तुला एकलीला आत, तर बाकीच्या पोरींनी काय बघत ऱ्हायचं? त्यांच्या तळव्याला ऊन लागत न्हाय व्हय?" मी म्हणाले, मग सगळ्यांनाच घ्या. तुम्ही म्हणालात, "तेवढा हक्क मला न्हाय." आणि भाकरीचा तुकडा मोडलात. मला पटलं नाही. खूप वर्षं पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर असेल, पण तापल्या डांबरावर चालणाऱ्या पोरीला बरोबर काय न् चूक काय. एखाद्या दिवशी नुसता हात तरी करायचा होतात. तेवढ्यानं कारखान्याचं काही गेलं नसतं.

पण त्याच वर्षीचा दुसरा एक दिवस आहे. सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा, केंद्र बारामतीला. सकाळी उठते तर तुम्ही अंगणात सायकलला तेल देताय. रजा टाकली होती. मला कॅरिअरवर बसवलंत, खाली पोतं दुमडून घातलंत, आणि थेट बारामतीपर्यंत पायडल मारलंत. वाऱ्याच्या विरुद्ध. तुमचा सदरा पाठीला चिकटलेला, आणि मी त्या ओल्या पाठीकडे बघत मनात पाढे म्हणत होते. मी आत पेपर लिहिला, तुम्ही दिवसभर बाहेर लिंबाखाली बसून राहिलात. परतताना बाजारात नेलंत आणि मला चपला घेतल्यात, माझ्या पायाच्या मापाच्या, पहिल्या. दुकानदारानं पुड्यात बांधायला घेतल्या तर तुम्ही म्हणालात, "बांधू नका, तिच्या पायात घाला." आणि मला म्हणालात, "चालायचंच हाय, तर नीट चाल." स्कॉलरशिप काही मिळाली नाही. त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

बारामतीच्या ऑफिसात त्या बाईपुढं बसून मला हे सगळं एकदम आठवलं. गाडी घेतली तेव्हा मी असं काही ठरवलं नव्हतं, की आबांनी बसवलं नाही म्हणून आपण बसवायचं. फाट्यावर चौघी दिसल्या आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. पण गाडी माझी होती, आबा. कारखान्याची नव्हती. तुम्हाला जो हक्क नव्हता तो मला होता. तुम्हाला तसा हक्क असता तर तुम्ही काय केलं असतं, याचा मी त्या बसमधनं परत येताना विचार करत होते. अक्का शेजारी डुलक्या घेत होत्या. मला वाटतं, तुम्ही सगळ्या मुलींना जीपमध्ये कोंबलं असतं, आणि वर दोघींना टपावर बसवलं असतं.

पाच आठवड्यांनी फोन आला. क्लेम मंजूर. भाडं घेतल्याचं सिद्ध होत नाही, असं त्यांनी सांगितलं. विम्यात धरलेली किंमत मिळाली, वरची थोडी रक्कम नियमानं कापून. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. किल्ली आणि आरसी बुक देऊन टाकायचं होतं. ज्या दिवशी भंगार न्यायला ट्रक आला त्या दिवशी चौघी आल्या होत्या. तुम्हाला हसू येईल, पण थोरल्या जावेनं वाकड्या दारातनं हात घालून एक निळं सीटकव्हर ओढून काढलं. "आपलं हाय ते," म्हणाली. त्याची तिनं आता उशीची खोळ शिवलीय. अक्कांनी गाडीला हात लावून तो कपाळाला टेकवला. मी काही केलं नाही. सही केली आणि घरी येऊन चहा टाकला.

त्या पैशांत थोडी भर घालून गेल्या महिन्यात दुसरी गाडी घेतली, हीदेखील वापरलेलीच, रंग विटकरी. चौघी परत रोज येतात. अक्का आता गाडीत बसायच्या आधी सांगतात, "आज गवार हाय. भाडं न्हाय हां, गवार हाय." बरं चाललंय, आबा. तुमचे जावई बरे आहेत, कारली लावलीत, मुलगा पुण्याला आहे, रविवारी फोन करतो. माझी कंबर अधूनमधून दुखते, ते वयाचं असेल. असलं सगळं कुणाला तरी पत्रानं कळवावं असं वाटलं, आणि ज्याला कळवावं तो माणूस टपाल घेणाऱ्यांतला नाही. एका परीनं ते बरंच आहे, कारण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

नवी गाडी बारामतीला ताब्यात मिळाली तो सोमवार होता. चौघींना मी सांगितलं होतं, मंगळवारी मिळणार. त्या बिचाऱ्या बसनं गेल्या. मी शेडला फोन करून रजा टाकली आणि गाडी घेऊन एकटीच निघाले. भिगवणच्या पुढं धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गेले, काचा खाली करून, मनाला येईल तिथं थांबत. पाण्याशेजारच्या एका हॉटेलात एकटी बसले आणि तळलेली चिलापी मासळी मागवली, वर आणखी एक ताट सांगितलं. जन्मात कधी हॉटेलात एकटी जेवले नव्हते. काटे सावकाश काढून काढून खाल्ले. यांच्यासाठी एक पार्सल बांधून घेतलं आणि दुपार कलल्यावर घरी आले.

मंगळवारी फाट्यावर चौघींनी गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि अक्का पुढं बसल्या. दार लावून घेतलं आणि नाक वर केलं. "अगं, नव्या गाडीला माशाचा वास कसा?"

मी गिअर टाकला आणि म्हणाले, "आधीच्या मालकाचा असंल."